बर्फात ठेवा

दोन्ही बाटल्या मी उजेडात धरून पाहिल्या. लाल द्रव, गाळ नाही. वरून सगळं ठीक होतं. पण प्रल्हादभाऊ नुकतंच सांगत होते, "तुमी बर्फात ठेवा म्हनलं ना भाऊ, म्या शेलूबाजारात साडूच्या दुकानातल्या फ्रीजरमंदीच ठेवल्या. दगडावानी झाल्या होत्या."

मी वाशीमच्या एका कॅन्सर डे-केअरमध्ये फार्मासिस्ट आहे. प्रल्हादभाऊंच्या बायकोचा, वंदनाताईंचा, अंडाशयाचा कॅन्सर औषधांना दाद देईना. आम्ही याला रेझिस्टन्स म्हणतो. पेशी आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकते. म्हणून आमच्या डॉक्टर सरांनी नॅनो औषध लिहिलं. यात औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवीसकट आत शिरलं, की ते पंपाला चुकवू शकतं. ते थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही. गोठलं की पिशव्या फुटू शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

नागपूरहून औषध आणायला सांगताना मी घाईत एवढंच बोललो होतो, बर्फात ठेवा. सगळ्यांना तेच सांगायचो.

सरांनी विचारलं, "कोल्ड चेन ओके?" म्हणजे वाटेत औषध ठरल्या थंडाव्यात राहिलं ना.

"हो सर."

नवीन औषध यायला आठवडा लागला असता, असं मी मनाला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. बर्फात ठेवायला कोणी सांगितलं, हा प्रश्न मला नको होता.

सलाईन सुरू झाल्यावर वंदनाताई हसून म्हणाल्या, "आमच्या ह्यायनं लेकरावानी जपून आनलं त्याले. मले त कदी इतकं जपलं नाई."

महिन्याने दुसरी बाटलीही दिली. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली. सरांनी फाइलवर लिहिलं, याही औषधाला रेझिस्टंट, बंद. पुढे द्यायला काही उरलं नव्हतं. दोन महिन्यांत त्या गेल्या.

प्रल्हादभाऊ कागद न्यायला आले. म्हणाले, "तिच्या अंगालेच औषद मानवलं नाई म्हनते सायेब."

मी मान डोलावली.

आता मी चिठ्ठीवर लिहून देतो: फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नाही. लिहायला अर्धं मिनिट लागतं. औषध नीट पोचलं असतं तर त्या आणखी जगल्या असत्या का, मला माहीत नाही. ते कळायची सोय मीच ठेवली नाही.