सुनंदाची नोकरी बघायला

नंदुरबार डोळ्यांआधी नाकाला कळते. एसटी गावाजवळ आली तसा सुनंदाने पदर नाकाला लावला आणि मला शिंका सुरू झाल्या. रस्त्याकडेला मिरचीच्या पथारी (मिरची वाळत घालायची मोकळी मैदाने) जानेवारीच्या उन्हात लालभडक पसरल्या होत्या.

"माहेर आलं," सुनंदा डोळे पुसत म्हणाली.

सुनंदा माझी पत्नी. मुले शिकून बाहेर पडल्यावर तिने इंग्रजी विषय घेऊन बी.एड. केले. माझ्या बदल्यांमागे फिरण्यात तिचे हे शिक्षण वीस-बावीस वर्षे मागे पडले होते. निकालानंतर मुलाने ऑनलाइन शिकवण्या सुचवल्या. तिला मात्र समोर बसलेली मुले हवी होती, तीही आपल्या माहेरच्या जिल्ह्यातली. तीन ठिकाणांहून बोलावणे आले: नंदुरबारचा स्पोकन इंग्लिशचा क्लास, शहाद्याची इंग्रजी शाळा आणि तोरणमाळच्या बाजूची मुलींची एक आश्रमशाळा. मी रजा काढून सोबत निघालो. लोकांना वाटले, काय हौशी नवरा आहे. खरे सांगायचे तर ती लांब राहायला गेली तर नाशिकच्या घरात एकट्याने कसे राहायचे, या धास्तीने मी निघालो होतो.

क्लास एका मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर होता. क्लासवाले सर तरुण, उत्साही. त्यांनी पंख्याखालची खुर्ची मला दिली आणि विचारलेही मलाच, "मॅडमना अनुभव?" मी सांगू लागलो. सुनंदाने तोंड उघडले की मी तिचे वाक्य पुरे करी. तिच्या इंग्रजीला खानदेशी हेल आहे; चारचौघांत मी तो झाकायला धावतो, ही माझी जुनी खोड. काम आठवड्यातून तीन दिवसांचे होते, म्हणजे उरलेले दिवस नाशिकला. मला क्लास फार आवडला.

शहाद्याकडे जाताना तापी ओलांडली. पुलावरून केळीच्या बागा दिसत होत्या. इंग्रजी शाळेची इमारत नवीकोरी होती. तिथे शिक्षकांनी आपसातही इंग्रजीच बोलायचे आणि सकाळ-संध्याकाळ शाळेच्या बसमध्ये मुलांसोबत बसायचे, असा नियम. इथेही प्रश्न मलाच आले आणि उत्तरेही मीच दिली. बाहेर पडल्यावर सुनंदा एवढेच म्हणाली, "बस छान आहे."

मुक्काम तिच्या भावाकडे, तापीकाठच्या गावात. जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. मी दोन्ही मुलाखतींचे वर्णन करत होतो. भाऊ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "पाव्हना, नोकरी ताईले करनी शे का तुमले?" (नोकरी ताईला करायची आहे की तुम्हाला?)

"ऱ्हाऊ दे भाऊ, त्यास्ले सवय शे," (राहू दे, त्यांना सवय आहे) सुनंदा म्हणाली आणि माझ्या बट्टीवर तूप वाढले.

जेवणानंतर मी अंगणात गेलो आणि क्लासवाल्या सरांना फोन करून सांगितले, "मॅडम सोमवारपासून येतील." तिला न विचारता. आत येऊन बडीशेप खाल्ली. ती गोड लागली नाही.

सकाळी म्हसावदवरून जीपने डोंगर चढायला लागलो. तोरणमाळचा घाट वळणावर वळण घेत वर जातो. जीपमध्ये आम्ही इतके दाटीने बसलो होतो, की वळण आले की सगळे मिळून एकाच बाजूला कलत होतो. शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी माझ्या बाहीचे बटण टोचत राहिली. वर पोचलो तेव्हा तलावावर धुके होते आणि हात खिशातून बाहेर काढवत नव्हते.

आश्रमशाळेचे मुख्याध्यापक त्याच डोंगरातले, पावरा समाजातले. तासिका तत्त्वावर (जेवढे तास शिकवाल तेवढे मानधन) जागा होती. आधीच्या बाई दिवाळीला गेल्या त्या आल्याच नव्हत्या. सरांनी खुर्ची सुनंदाला दिली. "आधी सहावीला पाठ घ्या, मग बोलू."

मी मागच्या बाकावर बसलो. सुनंदाने पाठाची तयारी करून आणली होती, पण मुली गप्प. घरी त्या पावरी बोलतात. मराठीसुद्धा त्यांना शाळेतच भेटलेली. सुनंदाने कागद मिटले. खांद्यावरची शाल काढली, कुडकुडून दाखवले आणि विचारले, "याला तुम्ही काय म्हणता?" मुलींनी शब्द सांगितला. तिने तो चुकीचा उच्चारला. मुली हसल्या, त्यांनी पुन्हा म्हणायला लावला. असे चार वेळा झाले. मग तिने त्यांना इंग्रजी शब्द दिला, आणि चुकायची पाळी त्यांची आली.

"हू इज कोल्ड?" तिने विचारले. कोणी बोलेना. ती शांतता मला सोसेना. मागून मीच म्हणालो, "आय अ‍ॅम कोल्ड."

वर्ग खो-खो हसला. सुनंदा हसली नाही. मुख्याध्यापकांनी माझ्या कोपराला हात लावला. "चला साहेब, थंडी वाजतेय ना, चहा घेऊ."

व्हरांड्यात कप हातात धरून मी खिडकीतून ऐकत होतो. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. नंतर काहीच नाही. ती थांबली होती. माझ्या चहावर साय धरली तरी ती थांबलेलीच होती. मग एक बारीक आवाज आला, "आय कोल्ड."

"मी टू," सुनंदा म्हणाली. "व्हेरी कोल्ड."

तिने ते वाक्य सुधारले नाही.

सुटी झाल्यावर एक मुलगी माझ्यापाशी आली. तिकडे लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात. "तू बाईला कधी नेशील?"

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "राग मानू नका. आधीच्या बाईंना न्यायला जीप आली होती, ती यांनी पाहिलीय."

तलावाकाठी मी सुनंदाला फोनचे सांगितले. ती पाण्याकडे बघत होती.

"माहीत आहे. त्या सरांचा मेसेज आला होता, सोमवारी दोन फोटो आणा म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही सांगता का बघू." शाल सावरून ती म्हणाली, "मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. मी इथे राहते. वॉर्डनबाईंच्या खोलीत एक खाट मोकळी आहे. क्लासला फोन मात्र तुम्हीच करा. हो तुम्ही म्हणालात."

रेंज तलावामागच्या टेकाडावर एका आंब्याखालीच येते. तिथे उभा राहून मी त्या सरांची माफी मागितली. टेकाड उतरून शाळेशी आलो, तर ती मुलगी अजून व्हरांड्यात होती. तिला म्हणालो, "मी न्यायला येणार नाही. भेटायला येईन." तिचा विश्वास बसला असे दिसले नाही. सुनंदाने शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी ती परत तिच्या खांद्यावर ठेवली.

घाट उतरताना जीपमध्ये जागा भरपूर होती. कलायला शेजारी कोणी नव्हते.

नाशिकला आता मला वरण जमते, बट्टी अजून दगडासारखी होते. शाळा सुटली की सुनंदा टेकाड चढून त्या आंब्याखाली येते आणि फोन करते. मी विचारतो, "आज काय झालं?" वारा ऐकू येतो, मग काहीच येत नाही. रेंज गेली आहे की ती विचार करते आहे, ते कळत नाही. पूर्वी मी एवढ्यात तिचे वाक्य पुरे केले असते.

मी फोन कानाला धरून थांबतो.