मुलांनी नापास केलेला डबा

हट्टाला कुणी पगार दिला असता, तर माझे साडू आज अंबरनाथचे सर्वांत श्रीमंत गृहस्थ असते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर साचे-हत्यारं बनवणारी टूलरूम सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर तोच खाक्या शेजारच्या उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या आपल्या गाळ्यात चालू ठेवला. तपासनिसाची सही झाल्याशिवाय इथून खिळासुद्धा बाहेर पडत नाही. फरक इतकाच, की तपासनीस म्हणून त्यांनी गल्लीतली पाच-सहा पोरं नेमली आहेत. पोरं उलट्या डब्यांवर बसतात आणि साडू त्यांच्यासमोर उभे राहून त्यांना ‘साहेब’ म्हणतात. मी एकदा मध्ये तोंड घातलं, तर म्हणाले, "तुम्ही गप्प बसा. तुमचं वय निघून गेलंय."

हा सगळा खटाटोप नातीसाठी. आठ वर्षांच्या सोनूला सगळं समजतं, पण बोलता येत नाही. तिच्यासाठी त्यांनी बटण दाबलं की बोलणारा डबा केला. पाणी, भूक, झोप, दुखतंय. आवाज स्वतःचा, मशीनच्या खडखडाटाच्या वर ओरडून ओरडून घोगरा झालेला. साहेबांनी डबा पहिल्याच दिवशी नापास केला.

"काका, सोनू काय बुढ्ढी वाटली काय? आवाज बदला ना!"

आवाज बदलला. मग पट्टा गळ्याला काचतो म्हणून नापास, धावताना आपटतो म्हणून नापास. पाच डबे झाले, घरच्यांनी हात टेकले, साडू काही हटेनात.

सहावा डबा पाहून सोनूच पाठ फिरवून बसली. तेव्हा मात्र साडू खचलेले दिसले. टोळीतली मोठी मुलगी म्हणाली, "काका, पाणी तर ती हातानं पण मागते. खेळताना काय बोलणार? म्हणून तर आम्ही तिला कच्चा लिंबू ठेवतो."

कच्चा लिंबू म्हणजे खेळात असून नसलेला. त्याला कुणी पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. साडूंनी हातातला डबा पोरांपुढे ठेवला. म्हणाले, "साहेब, बटणं तुम्हीच सांगा."

पोरं एकेक वाक्य ओरडत गेली आणि सोनू टाळी वाजवून निवडत गेली.

रविवारी पकडापकडीत एकानं सोनूला धरलं आणि सवयीनं सोडून दिलं. सोनू थांबली. तिनं बटण दाबलं.

"ए, राज्य माझ्यावर!"

पोरं पहिल्यांदाच तिच्यापासून जीव खाऊन पळाली. सोनू त्यांच्या मागे. साडूंनी सहीसाठी हाका मारल्या, पण एकही साहेब थांबेना. हातातल्या तेलकट फडक्यानंच ते डोळे पुसू लागले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, पण ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. त्या डब्यावरची सहीही राहिली ती राहिलीच.