वयनी बाहेर बसली होती

बोईसरजवळच्या एका शाळेत जमना पागधरे आणि मी काही वर्षं बरोबर होतो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. मुलांना समजावून सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मुख्याध्यापकांनी बोलावलंय असं शिपाई सांगून गेला, तरी तिचा चेहरा उतरायचा. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती आधी मला विचारायची, "काय झालं असेल गं?" काही झालेलं नसायचं. स्वभावच घाबरट असेल, असं मी धरून चालले होते. पुढं तिनं मला तिची हकीगत सांगितली. ती कधी मधल्या सुट्टीत, कधी एसटीची वाट बघताना, अशी तुकड्यातुकड्यांनी कळली. इथं सलग लावून सांगते.

जमना दांडीची, तारापूरजवळच्या किनाऱ्यावरची. मासेमारी करणारं घर. वडील ती पाचवीत असताना आजारानं गेले. मागं आई काशीबाई, मोठा भाऊ कमलाकांत आणि ही. कमलाकांतला होडीवर जायचं होतं, पण काशीबाईनं जाऊ दिलं नाही. दर्यापेक्षा कंपनी बरी, तिथं निदान पायाखाली जमीन असते, असं तिचं म्हणणं. तो मॅट्रिक झाला आणि एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात लागला.

रंगाच्या कारखान्यातला माणूस लांबूनच ओळखू यायचा. कमलाकांतची नखं, कानाच्या पाळ्या, तळवे कधी पिवळे असायचे, कधी केशरी. साबणानं ते निघत नसे. घामातून रंग यायचा आणि उशीचा अभ्रा रंगायचा. लग्न झाल्यावर त्याची बायको रखमा, म्हणजे जमनाची वयनी, ते अभ्रे वेगळे धुवायची. बेबी जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेण्याआधी त्यानं हात इतके घासले की सालपटं निघाली.

जमनानं रसायनशास्त्र घेतलं ते त्याच्याच सांगण्यावरून. त्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये पांढरा कोट घातलेल्या एक बाई होत्या. तो म्हणायचा, "आमी ढवळतो. कधी थांबायचं ते त्या सांगतात. तू सांगनारी हो." तिची फी, पास, पुस्तकं सगळं तो बघायचा. ती रोज एसटीनं बोईसरला यायची, तिथून शटल गाडीनं, म्हणजे रेल्वेनं, पालघरच्या कॉलेजात.

शहाऐंशी साली, दिवाळी होऊन गेल्यावर, कारखान्यात एका टाकीतली प्रक्रिया हाताबाहेर गेली आणि गॅस सुटला. कमलाकांतला इस्पितळात नेलं, पण दुसऱ्या दिवशी तो गेला. जमना तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रखमा तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, आणि बेबी अजून रांगत होती.

दिवसपाणी उरकल्यावर जमना पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. पोरगी खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. तिलाही तसंच वाटलं. काशीबाई दिवसभर ओट्यावर बसून असायची, तोंडातून शब्द नाही. दर्यापेक्षा कंपनी बरी हे आपलंच वाक्य तिला खात होतं. रखमा सुकट वाळवायचं-विकायचं बघायची, बेबीचं बघायची. घरात कुणीतरी ताठ उभं राहायला हवं, म्हणून जमना उभी राहिली.

जानेवारीत प्रॅक्टिकलला रंग बनवायचा होता. बर्फात ठेवलेलं एक द्रावण दुसऱ्या द्रावणात ओतायचं, साधं काम. तिनं ओतलं. चंचुपात्रात झर्रकन केशरी रंग उमटला, घरातल्या उशीच्या अभ्र्याचा. तिच्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. श्वास आत जाईना. ती पात्र तसंच टाकून बाहेर आली आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. हात धुऊन झाले तरी धूतच राहिली.

त्यानंतर कॉलेजचा जिना चढतानाच प्रयोगशाळेचा वास यायचा आणि पाय थांबायचे. आधी प्रयोगशाळा सुटली, मग वर्गही सुटला. पुस्तक उघडलं की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. मात्र घरातून ती रोज वेळेवर निघायची. नाही गेली तर का नाही गेली ते सांगावं लागलं असतं, आणि ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पालघरला उतरून ती चालत सुटायची. कधी कोळगावच्या बाजूला जायची, तिथं तेव्हा नुसती शेतं होती. कधी बाजारासमोरच्या चिंचेखाली दगडावर बसून राहायची.

बसल्या जागी मनात हिशोब चालायचे. भावाचा पगार बंद झाला होता. भरपाईचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. वयनी बोंबील विकून पासाचे पैसे देते आणि आपण चिंचेखाली बसतो. हे मनात आलं की ती उठून उभी राहायची. उद्यापासून जायचंच असं ठरवायची, आणि उद्या पुन्हा पाय चिंचेकडे वळायचे. जेवण जात नव्हतं. पहाटे जाग आली की पहिला विचार यायचा, जाग आली नसती तर बरं झालं असतं.

त्यातच कंपनीकडून निरोप आला की मयताच्या वारसांपैकी एकाला नोकरी देऊ. गावातल्या चार मोठ्या माणसांनी बसून ठरवलं, जमनाच योग्य. शिकलेली आहे, लॅबमध्ये घेतील. तिनं मान हलवली. एका परीनं सुटल्यासारखंही वाटलं तिला, आता परीक्षा नको. घरी येऊन मात्र त्या फाटकातून आत जायचं, एवढं नुसतं डोळ्यांसमोर आणलं आणि तिला उलटी झाली. पित्त झालं, असं तिनं सांगितलं.

रखमाला कळलं ते योगायोगानं. वारसाच्या दाखल्यासाठी ती बेबीला कडेवर घेऊन पालघरला कचेरीत आली होती. परत जाताना चिंचेखाली जमना दिसली. भर दुपार, कॉलेजची वेळ. रखमानं हाक मारली नाही. ती येऊन शेजारी बसली आणि बेबीला मांडीवर घेतलं. जमनाला पळून जावंसं वाटलं, पण उठवेना.

"आज कालेज नाय?" रखमानं विचारलं.

"हाय."

"मंग?"

जमनानं बेबीचं झबलं सारखं केलं. मग म्हणाली, "वयनी, मला जमत नाय."

"काय जमत नाय?"

"कायच जमत नाय."

रखमानं बेबीच्या तोंडातला खडा काढून टाकला. मग ती सावकाश बोलली, "माजं पन तसंच हाय. सकाळी उठावं असं नाय वाटत. पन ही रडते, मंग उठते मी. तुला रडून उठवनारं कोन नाय."

इतक्या दिवसांत जमना पहिल्यांदा रडली ती तिथं, बाजारातल्या माणसांसमोर.

घरी काशीबाईला वाटलं की पोरीला कुणाची तरी दृष्ट लागली. तिनं शेजारच्या पाड्यावरच्या भगताकडून दोरा आणून बांधला. जमनानं तो बांधून घेतला. आईला काहीतरी करायचं होतं, आणि इतक्या महिन्यांत ती ओट्यावरून पहिल्यांदा उठली ती या कामासाठीच, म्हणून दोऱ्याबद्दल जमना कधी वाईट बोलली नाही. पण रखमा तेवढ्यावर थांबली नाही. पालघरला ज्या डॉक्टरीणबाईंकडे बेबीच्या वेळी ती जायची, त्यांच्याकडे जमनाला घेऊन गेली.

बाईंनी आधी झोपेचं विचारलं, मग जेवणाचं. मग पेन खाली ठेवून विचारलं, जगणं नको असं कधी वाटतं का. शेजारी वयनी बसलेली. जमनाच्या तोंडून हो निघून गेलं. रखमानं जमनाचं मनगट धरलं, आणि घरी पोचेपर्यंत ती ते सोडायला तयार नव्हती. बाईंनी सांगितलं, हा आजार आहे, आळस नव्हे आणि बाधाही नव्हे. गोळ्या दिल्या. लगेच फरक पडणार नाही, काही आठवडे लागतील, तोवर हिला एकटी सोडू नका आणि हिच्यावर चिडू नका, असं रखमाला बजावलं. एप्रिलची परीक्षा तर अजिबात नको म्हणाल्या.

परीक्षा सोडली त्याची जमनाला जास्तच भीती बसली. वर्ष गेलं, भावाचा शब्द गेला, आता नोकरी तरी धरायलाच हवी. कंपनीत जायचा दिवस ठरला होता. त्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बसली. रखमा घरात नव्हती. दुपारी आली ती सांगतच आली, की कंपनीत आपण स्वतः सही करून आलो, सोमवारपासून कामावर जायचं.

जमना आयुष्यात कधी वयनीवर ओरडली नव्हती, त्या दिवशी ओरडली. "तुला पन तिथंच मरायचं हाय काय? बेबीला कोन बघंल?"

"बेबीला तू बघशील," रखमा म्हणाली. "मी पॅकिंगला हाय. टाकीजवळ मी जानार नाय, तसं साहेबाला सांगितलं मी. तुला तिथं धाडली तर तू जगनार नाय, ते मला दिसतं. मी जगंन."

काशीबाई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं सुनेसाठी चहा घेऊन आली.

ते वर्ष जमनानं बेबीला सांभाळत काढलं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड व्हायचं. पण झोप येऊ लागली, मग भूकही. भीती मात्र हटली नाही, तिनं फक्त जागा बदलली. वयनीची कारखान्यातली पाळी सुटायची वेळ झाली की जमना बेबीला घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहायची. एसटीला उशीर झाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटायची. रखमा उतरली, की जमना आधी तिचे हात बघायची. पॅकिंगलाही रंग उडायचा. रखमा हात पदराखाली घ्यायची.

जूनमध्ये रखमानं तिला कॉलेजात नेलं. रसायनशास्त्राचे नरहरी सर होते, त्यांना जमनानं स्वतः सगळं सांगितलं. सांगताना दोनदा आवाज गेला. सरांना अशा आजाराची काही माहिती नव्हती, आणि ते तसं म्हणालेही. पण ऑक्टोबरला परीक्षा देता येईल, आणि प्रयोगशाळा रिकामी असेल तेव्हा येऊन बस, एवढं त्यांनी कबूल केलं.

रखमाला शुक्रवारी सुट्टी असायची. मग शुक्रवारी दोघी बेबीला घेऊन पालघरला जायच्या. पहिल्या वेळी जमना दारापर्यंत गेली आणि परत आली. पुढच्या वेळी आत जाऊन एका स्टुलावर बसली. रखमा बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. बेबी तिथं धावायची, पडायची, रडायची, आणि तो आवाज आत यायचा. आवाज आहे तोवर जमनाला बसता यायचं. एका शुक्रवारी बेबी झोपली आणि बाहेर सगळं शांत झालं. जमना धडपडत उठून दाराशी आली.

रखमानं वर बघितलं. "मी हाय," ती म्हणाली. "जा, बस."

जमना परत जाऊन बसली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा परीक्षानळी हातात घेतली.

ऑक्टोबरमध्ये लेखी पेपर झाले. एका पेपराला शेवटचा प्रश्न सुटला. प्रॅक्टिकलच्या दिवशी रखमानं रजा टाकली आणि व्हरांड्यात येऊन बसली. जमनाला पदार्थ ओळखायला दिला होता. तिनं तापमापी घाईत वाचली, द्रवणांक चुकला आणि पुन्हा घ्यायला वेळ उरला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिला येत असूनही सांगता आलं नाही. घरी जाताना शटलमध्ये ती एकच बोलत राहिली, की मी नापास. रखमानं तिला समजावलं नाही, पोटाशी बेबीला धरून ऐकत राहिली. निकाल लागेपर्यंत जमनाला धड झोप नव्हती. निकाल आला तेव्हा ती सेकंड क्लासमध्ये पास झाली होती. काशीबाईनं कमलाकांतच्या फोटोपुढं नारळ फोडला, आणि त्या दिवशी ती खूप दिवसांनी त्याच्याबद्दल बोलली.

पुढं भरपाई मिळाली, ती अपेक्षेपेक्षा कमीच. तिच्यातून जमनाचं बी.एड. झालं. लॅबमधली नोकरी तिनं कधी शोधली नाही, ती आमच्या शाळेत आली. रखमा कारखाना बंद पडेपर्यंत पॅकिंगलाच होती. नंतर तिनं सासूबरोबर बोईसरच्या बाजारात सुकटीचा धंदा धरला. दुसरं लग्न कर, असं काशीबाईनंच तिला दोनदा सुचवलं होतं, पण तिनं मनावर घेतलं नाही.

आजार कायमचा गेला असं म्हणता येणार नाही. चौऱ्याण्णव साली जमनानं अचानक महिन्याची रजा घेतली. अर्जात कावीळ लिहिलं होतं. मी भेटायला दांडीला गेले, तर डोळे पांढरेशुभ्र, फक्त खोल गेलेले. तेव्हाच तिनं मला खरं सांगितलं. पहाटेची जाग पुन्हा नकोशी व्हायला लागली, तेव्हा या वेळी तिनं कुणाची वाट बघितली नव्हती, स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. "पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हतं, हे काय आहे ते," ती म्हणाली. "आता ठाऊक आहे. भीती वाटतेच, पण ठाऊक आहे."

महिन्यानं ती शाळेत परत आली. बारीक झाली होती. रखमा तिला फाटकापर्यंत सोडून बाजाराकडे गेली. पहिला तास नववीचा होता, आम्ल आणि अल्क. जमनानं खडू घेतला, वर्गाच्या दारात क्षणभर थांबली, आणि आत गेली.