उजव्या कोपऱ्यातलं नाव

शोभाबाईंनी पोह्यांना फोडणी दिली होती आणि न्हाणीतून रूपराव तिसऱ्यांदा "टॉवेल कुठं हाय?" म्हणून ओरडत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. कुरिअरवाला नत्थू पोटाशी खोकं धरून उभा होता.

"काकू, यावर 'नाजूक' लिहिलं हाय. काचेचं हाय का?"

"माणसं हायेत. बोटभर उंचीची. ठेव तिथं, आन् पोहे खाऊन जाजो."

पुलगावात रूपरावांना ओळखत नाही असा माणूस विरळा. तीस वर्षं त्यांनी गावाच्या पाट्या रंगवल्या. किराणा असो की शाळा, पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रूप, पुलगाव' असायचंच. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. पाच वर्षांपूर्वी नागपूरच्या पियुषनं त्यांना हे नवं काम दिलं. टेबलावर फासे आणि फूटपट्टी घेऊन लढाया खेळणारे हौशी लोक असतात, त्यांचे इवले सैनिक रंगवायचे, ते पियुष विकायचा. वायकिंग म्हणजे थंड समुद्राकडचे जुने लढवय्ये. त्यांना फार मागणी.

रूपरावांनी न्हाणीतून येऊन खोकं उघडलं. कापसात चाळीस वायकिंग निजले होते. लाल ढालींना पिवळा काठ, किराण्याच्या पाटीला ते द्यायचे अगदी तसाच.

"अवं, हे तं माह्येच हायेत!"

सोबत हे सैनिक विकत घेतलेल्या पुण्याच्या मालकांची चिठ्ठी होती. शोभाबाईंनी ती मोठ्यानं वाचली. "आधीच्या खेळात प्रत्येक सैनिक सुटा लढायचा, म्हणून पायाखाली गोल बेस आहेत. आता आम्ही दुसरा खेळ घेतला आहे. त्यात रांगा लावून चालवतात. तरी गोल बेस काढून चौकोनी बसवावेत. तुम्ही बेस चांगले बदलता असं पियुष यांनी सांगितलं. रंगकाम परदेशी कलाकाराचं आहे. कृपया त्याला हात लावू नये."

नत्थूचा चमचा बशीत थांबला.

"परदेशी?" शोभाबाईंचा आवाज चढला. "या परदेशी माणसाले मी रोज भाकर घालून राह्यली! अख्खा हिवाळा हे दाढीवाले माह्या पोळपाटाशेजारी वाळत होते. अन् म्हणे हात लावू नका!"

रूपरावांनी फोन लावला.

"पियुष, हे वायकिंग कोनं रंगवले रे?"

"तुम्हीच तं काका."

"मंग चिठ्ठीतला परदेशी कोन हाय?"

"अरे काका, ते मार्केटिंग असते. पुलगाव म्हटलं की लोकांले बारुदाचा डेपो आठवते, पेंटिंग नाई. टेन्शन काऊन घेता? बेस बदला न् पाठवून द्या."

"मी किराण्याची पाटी रंगवली, तं दुकान त्याचं होतं, पण कोपऱ्यातलं नाव माह्यं होतं. पाटी परदेशातून आनली, असं कोन्या दुकानदारानं सांगितलं नाई."

"पाटी वेगळी न् हे वेगळं, काका," म्हणून पियुषनं फोन ठेवला.

"वापस पाठवून द्या," शोभाबाई म्हणाल्या. "दुसरा कोनी बदलेल."

"दुसरा पाय मोडून ठेवील त्यांचे," रूपराव पुटपुटले. रागानं कानशिलं तापली होती, तरी त्यांनी एकेक वायकिंग उचलून फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी उभा केला. थंडीनं गोंद ठिसूळ होतो, मग पातळ पात्यानं पायाखालची बेसची चकती अलगद सुटते.

दुपारी पहिली चकती सुटली. तिच्या तळाला काळी मखमल चिकटवलेली होती. ही काही रूपरावांनी लावलेली नव्हती. त्यांनी नखानं ती सोलली. खाली त्यांचंच अक्षर होतं. 'रूप, पुलगाव'. गोल चकतीला कोपरा नसतो, म्हणून तेव्हा त्यांनी पायाखाली लिहिलं होतं. दुसरी सोलली, तिसरी सोलली. चाळीसच्या चाळीस नावं पियुषनं मखमलीखाली गाडली होती, आणि आता चकत्यांबरोबर ती कचऱ्यात जायची होती.

शोभाबाईंनी त्या चकत्या लाडवाच्या डब्यात भरल्या आणि झाकण असं दाबलं की डबा वाजला.

पुढचे चार दिवस रूपराव कामातून उठले नाहीत. चौकोनी चकत्यांवर नदीची चाळलेली रेती चिकटवली, ती रंगवली, वायकिंग बसवले. चाळीसही जण रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एकाच्याही ढालीचा टवका उडाला नाही. शेवटी त्यांनी एक वायकिंग उलटा धरला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसले.

"अवं, चौकोनाले कोपरा असते."

चार केसांचा ब्रश काढून त्यांनी चाळीसही तळांवर उजव्या कोपऱ्यात नाव घातलं. मग पाटीसारख्या वळणदार अक्षरांत मालकांना चिठ्ठी लिहिली.

"वाचून दाखवा," शोभाबाई म्हणाल्या. "भांडले ना चांगले?"

भांडण नव्हतंच त्यात. चार ओळी होत्या.

'साहेब, चौकोनी बेस बसवले आहेत. रंगाला धक्का लागलेला नाही. हे सैनिक पाच वर्षांपूर्वी मीच रंगवले, माझ्या घरी, पुलगावात. तळाच्या उजव्या कोपऱ्यात माझं नाव आहे, तेवढं झाकू नका.'