लाल पाठीची पुस्तकं

खळकाकूंचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. वर ग्रंथालय, खाली संग्रहालय आणि जिन्याखालच्या खोलीत त्या. मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, दाभण, दोरा. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी हे पुस्तकबांधणीचं काम हातात दिलं. "जुना पुठ्ठा ठेवायचा नाही. किडीचं घर ते. जाळून टाकायचा," ही त्यांची पहिली शिकवण. काकूंनी ती जन्मभर पाळली. फाटकं पुस्तक खाली यायचं आणि करड्या पुठ्ठ्यात, लाल कापडी पाठ लावून वर जायचं. जे जास्त वाचलं जाई तेच जास्त फाटे, त्यामुळे लोकांच्या आवडीची कपाटं हळूहळू लाल होत गेली.

"काकू, एक दिवस माझ्या पेंढा भरलेल्या वाघालाही लाल पाठ लावाल," संग्रहालयाचा पहारेकरी चिडवायचा.

"आधी तुझं तोंड शिवते, मेल्या."

मग इमारतीचं नूतनीकरण निघालं. भिंतींना परांच्या लागल्या, वाघ प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोदामात गेला. नव्या आराखड्यात पुस्तकांना जागा निम्मी होती. समितीने नियम केला: मूळ मुखपृष्ठ शाबूत असेल ते पुस्तक वारसा म्हणून ठेवायचं, पुन्हा बांधलेलं रद्दीत.

ग्रंथपालबाई हे सांगायला स्वतः खाली आल्या.

"म्हणजे माझी सगळी?"

"मी भांडले हो, काकू. ते म्हणतात, मूळ रूप राहिलेलं नाही."

"पानं गळत होती बाई, तेव्हा शिवली. तशीच ठेवायची होती का?"

बाईंनी टेबलावरचं एक लाल पाठीचं पुस्तक उचललं आणि परत ठेवलं.

"जुने पुठ्ठे परत चढवले तर..." काकूंनी विचारायला घेतलं आणि मध्येच थांबल्या. पुठ्ठे होते कुठे?

घरी नवऱ्याने ताट पुढे सरकवलं. "पगार चालू आहे ना?"

"आहे."

"मग कशाला जिवाला लावून घेतेस? पुस्तकं काय आपली होती?"

काकूंनी घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

पोती भरायला लागली. कुणी न वाचलेली पुस्तकं करकरीत कपड्यांत कपाटात उभी राहिली. वाचून वाचून झिजलेली जिन्यावरून घसरत खाली आली. मजुरांना पुस्तक उघडायचीही गरज पडत नव्हती.

"बरं झालं मावशी, लाल लावलंत," एक मजूर घाम पुसत म्हणाला, अगदी मनापासून. "लांबून ओळखू येतात. शोधावं लागत नाही."

त्या गडबडीत ठेवायच्या पुस्तकांतलं एक खाली पडलं. मुखपृष्ठ तेवढं शाबूत, शिवण पार उसवलेली. मजुराने ते काकूंच्या टेबलावर आणून ठेवलं. "एवढं शिवून टाका."

काकूंनी सवयीने दाभणात दोरा ओवला. सुटी पानं हाताने सारखी केली. मग दाभण खाली ठेवलं.

"राहू दे असंच. घेऊन जा."

"अहो, पानं गळतील वाटेत!"

"गळू देत. माझा हात लागला तर हेही पोत्यात जाईल."

तो पुस्तक छातीशी धरून, पानं सांभाळत वर गेला. काकूंनी शिजवलेली खळ मोरीत ओतली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला, नाहीतर ती घट्ट होऊन पाइप तुंबतो.