ओहोटीतून आलेले मतदार

निवडणुकीचा बंदोबस्त मी नोकरीत इतक्या वेळा केला, की आता एक निवडणूक दुसरीत मिसळून जाते. खाडीकाठच्या एका गावातली ती संध्याकाळ मात्र वेगळी राहिली आहे. नोकरीत तुम्ही कधी थक्क होऊन उभे राहिलात का, असं कुणी विचारलं, तर मला खून-दरोडे आठवत नाहीत, ती संध्याकाळ आठवते. गावाचं आणि माणसांचं नाव मी घेणार नाही.

तेव्हा मी श्रीवर्धनच्या बाजूच्या एका सागरी पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती. हद्दीतल्या एका कोळीवाड्याचं एका उमेदवाराशी बिनसलं होतं. बायका वर्षानुवर्षं जिथे मासळी वाळवत, त्या किनाऱ्यावरच्या जागेला या उमेदवाराच्या माणसांनी रिसॉर्टसाठी कुंपण घातलं होतं. कोळीवाड्याने बैठक घेऊन ठरवलं, की यंदा या माणसाला एकही मत द्यायचं नाही. लढत अटीतटीची होती आणि कोळीवाडा मोठा होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी ठाण्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. मतदान यंत्रांबरोबर जाणारे कर्मचारी, होमगार्डचं वाटप, वरून येणारे फोन. त्या गडबडीत भरदुपारी कोळीवाड्यातली एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा तांडेल होता, म्हणजे होडीचा कप्तान. होडीही त्याचीच होती. बाजारातून ती तशीच आली होती, मासळीची पाटी बाहेर पायरीवर ठेवून.

"बसा मावशी," मी म्हणालो.

"बसाया न्हाय आले. साहेब, उद्या मतदान हाय आन आमच्या होड्या आज समुद्रात निघाल्यात. सगल्या."

"मासेमारीला बंदी नाही, मावशी. त्यांना कसं अडवणार?"

"डिझेल फुकट भेटलंय. बर्फपन फुकट. अट येकच, उद्याचं मतदान संपल्याबिगर कुनी बंदरात शिरायचं न्हाय."

मी लिहायचं थांबवून वर पाहिलं. मतं विकत घेणारे मी पाहिले होते. या उमेदवाराला इथे मतं मिळणार नव्हती, म्हणून त्याने मतदारच गावाबाहेर नेले होते. बर्फ कारखान्याचा मालक त्याचा खास माणूस. माल त्याच्याकडूनच गेला, असं ती म्हणाली.

"तुमचे यजमानही गेलेत?"

"त्यानीच पयलं घेतलं." तिचा आवाज चढला. "दोन महिने दर्यात काय गावत न्हाय. डिझेल बगून डोलं फिरलं त्याचं. मी भांडले. मना बोलला, येका मतानं काय व्हतंय."

मी तिला स्पष्ट सांगितलं, "निवडणुकीत लाच देणारा जसा आरोपी होतो, तसा घेणाराही होतो. तुम्ही नवऱ्याविरुद्ध माहिती देताय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "उद्या गावात तोंड लपवून फिरन्यापरीस तो आज तुमच्यासमोर उभा ऱ्हायलेला बरा."

हा गुन्हा अदखलपात्र. पोलिसांना आपल्या मनाने तपास करता येत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती मागायला माणूस पाठवला, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवलं आणि त्यांचं भरारी पथक घेऊन जेट्टीवर गेलो. बहुतेक होड्या खाडीबाहेर पडल्या होत्या. बर्फ कारखान्याचा मालक डिझेलच्या रिकाम्या पिंपांजवळ उभा होता. पथकाने त्याला चौकशीला ठाण्यात आणलं. समोर पथकाचा कॅमेरा चालू होता.

मी एवढंच विचारलं, "पिंपं कुणाची?"

"माझी, साहेब. होडीवाले माझी गिऱ्हाइकं आहेत. हंगाम वाईट गेला, की मी मदत करतो. इलेक्शनशी माझा काय संबंध? मी तर उमेदवाराला ओळखतसुद्धा नाही."

उमेदवाराचं नाव मी काढलंच नव्हतं. माझा अनुभव आहे, खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. ज्यांनी माल घेतला, त्यांच्यापैकी कुणी बोलत नाही, तोवर हा व्यवहार धंदाच ठरणार होता. न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगीही अजून आली नव्हती, म्हणून बोलावू तेव्हा हजर राहा, एवढं सांगून मी त्याला सोडलं. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला, तो मला अजून बोचतो.

होड्या परत बोलावण्याचा अधिकार मला नव्हता. मतदानाला या, असं पोलिसाने कुणाला सांगणंही बरं नाही. पण मच्छीमार सोसायटीत वायरलेस सेट होता, आणि आपल्या माणसाशी बोलायला बायकांना कुणाची परवानगी लागत नव्हती. मी पोहोचलो, तेव्हा ती बाई सेटसमोर उभी होती आणि खोली बायकांनी भरली होती.

"सगल्या होड्यांनी आयका," ती म्हणाली. "तुमी बोलता, येका मताचं काय. त्या मानसाला इचारा येका मताचं काय ते. तुमच्या मतांना भिऊनशान त्यानं टाक्या भरून दिल्या. तुमाला समजलं न्हाय, त्याला समजलं."

सेटमधून नुसती खरखर आली. मग तांडेलाचा आवाज आला, "जाली टाकल्यात." आणि त्याने सेट बंद केला. बायका घरी गेल्या.

मतदानाच्या दिवशी कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका सकाळीच शाळेतल्या केंद्रावर आल्या आणि मत देऊन गेल्या. पुरुषांच्या रांगेत म्हातारे आणि आजारी तेवढे दिसले. दुपारनंतर मी त्या केंद्रावर जाऊन थांबलो. केंद्राध्यक्षांनी बोलावल्याशिवाय आम्ही आत जात नाही, म्हणून मी फाटकाबाहेर उभा होतो. तिथून खाडीचं तोंड दिसायचं. उमेदवाराचे कार्यकर्ते रस्त्यापलीकडे निवांत चहा पीत होते.

मतदान संपायला थोडाच वेळ उरला असताना फाटकावरचा हवालदार म्हणाला, "साहेब, होड्या."

खाडीच्या तोंडाबाहेर होड्या एकामागून एक येऊन थांबत होत्या. पण ओहोटी पूर्ण लागलेली. तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो ओलांडून ओहोटीत होडी आत येत नाही. रस्त्यापलीकडे कुणीतरी हसलं. भरती येईपर्यंत केंद्र बंद होणार, हे त्यांनाही कळत होतं.

मग होड्यांवरून माणसं पाण्यात उतरू लागली. छातीभर पाण्यातून, मग कमरेइतक्या, मग गुडघाभर चिखलातून ती चालत येत होती. समुद्रावरच्या तपासणीसाठी जवळ ठेवलेलं मतदार ओळखपत्र प्रत्येकाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरलं होतं. कुणी आरडाओरडा केला नाही, घोषणा दिली नाही. चिखलातून उपसलेल्या पायांचा आवाज तेवढा येत होता. मी आणि हवालदार एकमेकांकडे पाहायचंही विसरलो. रस्त्यापलीकडचे कार्यकर्ते कप हातात धरून उभे राहिले.

नियम असा आहे, की मतदानाची वेळ संपताना जो केंद्राच्या आवारात रांगेत उभा आहे, त्याला मत देता येतं. बाहेर राहिला, त्याला नाही. केंद्राध्यक्ष एक शिक्षिका होत्या. घड्याळ हातात घेऊन त्या फाटकाशी आल्या. पुढची माणसं आवारात शिरली, रांग भिंतीला वळसा घालून गेली. मागे तांडेल राहिला होता. चिखलात रुतलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला त्याने पाठीवर घेतलं होतं.

उमेदवाराचा प्रतिनिधी आतून धावत आला. "मॅडम, फाटक लावा! वेळ झाली!"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "झालेली नाही," त्या म्हणाल्या, आणि तांडेलाला हाक दिली, "दादा, पळू नका, पडाल. चालत या. अजून वेळ आहे."

तांडेल फाटकातून आत आला आणि त्याने म्हाताऱ्याला खाली उतरवलं. त्यानंतर वेळ संपली, हवालदाराने फाटक लावलं. अशा वेळी चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटतात, म्हणजे मागून कुणी घुसू नये. पहिली चिठ्ठी तांडेलाच्या हातात पडली. त्याच्या अंगावरून चिखलाचं पाणी गळत होतं आणि ती चिठ्ठी भिजू नये म्हणून त्याने दोन बोटांनी लांब धरली होती.

कोळीवाड्याच्या पुरुषांचं मतदान अंधार पडल्यावरही चालू राहिलं. सगळ्यांत शेवटी मत देऊन तांडेल बाहेर आला आणि थेट माझ्याकडे आला. बोटावरची शाई ओली होती.

"साहेब, माजा जबाब लिवा. डिझेल मी घेतलं."

"आरोपी व्हाल."

"बायकोनं मगाशी फाटकाआडून सांगितलंय." मग तो म्हणाला, "रातभर आमी दर्यात भांडलो. काही बोलत व्हते, डिझेल घेतलंय तर जबान पाला. म्हातारा बोलला, चोराला दिलेली जबान कसली? मग जाली वडली आन निगालो."

त्याच्यामागे दुसरा उभा होता, त्याच्यामागे तिसरा. जबाब द्यायला तिथे पुन्हा रांग लागली. न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी हातात आली होती. पंचांसमक्ष होड्यांवरचं उरलेलं डिझेल आणि पिंपं जप्त केली. बर्फ कारखान्याच्या मालकाला परत बोलावलं आणि जबाब देणाऱ्यांची नावं एकेक करून सांगितली. या वेळी त्याने नमस्कार केला नाही. पाणी मागितलं आणि पैसे कुणाच्या घरून आले ते सांगितलं.

उमेदवार पडला. त्याने सादर केलेल्या प्रचारखर्चात त्या डिझेलचा अर्थातच उल्लेख नव्हता. तो खर्च लपवल्याचा अहवाल गेला, सुनावणी झाली आणि पुढची निवडणूक लढवायला तो अपात्र ठरला. लाचेच्या खटल्यात त्याला आणि कारखानदाराला शिक्षा झाली. त्यांचं अपील माझ्या निवृत्तीपर्यंत चालूच होतं. किनाऱ्यावरचं कुंपण निघायलाही बराच काळ लागला, पण निघालं.

तांडेल आणि त्याचे सोबतीही कोर्टात उभे राहिले. मी हजर होतो. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"डिझेल घेतलं, त्ये कबूल," तांडेल म्हणाला. "पन मत इकलं न्हाय, साहेब. त्येबी लिवा."

न्यायाधीशांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. मग दंड ठोठावला. तो भरून सगळे बाहेर आले आणि बंदराची गाडी पकडायला निघून गेले.

पोलिसाला माणूस भेटतो, तो बहुधा त्याच्या सगळ्यांत वाईट क्षणी. त्या क्षणाचा आपण पंचनामा करतो, कलम लावतो आणि तोच माणूस, असं धरून चालतो. मीही वर्षानुवर्षं तसंच धरलं होतं. त्या गावाने मला शिकवलं, की लोभाला बळी पडलेला माणूस तिथेच संपत नाही. कुणी त्याला जागं केलं, तर तो छातीभर पाण्यातून परत येऊ शकतो. येईलच असं नाही. पण त्या दिवसापासून समोरच्या आरोपीचा जबाब लिहून झाला, तरी मी लगेच फाइल मिटत नसे. त्याला आणखी काही सांगायचं आहे का, हे विचारून थोडा वेळ थांबत असे.