अप्पांच्या तळहातावरचं अस्वल

आई गेली आणि अप्पांनी बोलणं सोडलं, यात हसण्यासारखं काही नव्हतं. ती सोय पुढं मी केली.

दिंद्रुडच्या बाजारात आमचं किराणा दुकान. अप्पा गल्ल्यावर बसेनात, अर्ध्या भाकरीवर ताट सारायला लागले. डोळ्यांतून मात्र टिपूस नाही. आईच्या दिवसांना पुण्याहून ताई आली होती, सोबत तिचा मोनू. पोरगं दिवसभर अप्पांना चिकटून असायचं. ते परत गेले आणि घर आणखीच भकास झालं. आता अप्पाही फार दिवस काढणार नाहीत, असं मला वाटायला लागलं.

मग एका सकाळी मी देवघरात डोकावलो. अप्पा खिडकीशी पाठमोरे, डोक्यावरून उपरणं, मान खाली, नजर हातावर. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग असंच डाव्या तळहातावर घेऊन, नजर लावून पूजा करतात. (मी पाच मिनिटांत आटोपतो. दुकान असतं ना!) अप्पा दोन तास जागचे हलले नाहीत. वर दुपारी अख्खी भाकरी खाल्ली.

"अप्पा भक्तीनं सावरले," मी बायकोला सांगितलं.

"पर पूजेला एवढा येळ कावून लागतो?"

"ध्यान लागलंय त्यांना. तुला न्हाई कळायचं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एसटीडीवर ताईचा फोन आला. "मोनूचा गेम तिथं राहिलाय का रं? हातात धरून खेळायचा. अस्वलाच्या पिल्लाचा सिनेमा आलता बघ, त्याच्यावरचा."

"गेम काय घेऊन बसलीस, ताई? हितं अप्पांची समाधी लागायलीय."

दुकानातले पेन्सिल सेलही कमी व्हायला लागले होते. संशय मी उंदरांवर घेतला. (उंदीर सेल खात नाहीत, असं बायको म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.) मी साखर बांधता बांधता गिऱ्हाइकांना अप्पांच्या साधनेबद्दल सांगत होतो. माणसं दारातून डोकावून, हात जोडून जायला लागली. एवढ्यानं माझं भागेना, म्हणून मी आमच्या स्वामींनाच घरी घेऊन आलो. मागे अर्धी गल्ली.

"बघा स्वामी, मान हलत न्हाई," मी दारातून कुजबुजलो.

तेवढ्यात अप्पा बोलले. आई गेल्यापासून एवढा मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

"मार की उडी, बे. कावून भ्यायलास?"

सगळ्यांनी स्वामींकडे पाहिलं.

"मनाला म्हणतायत," स्वामी हळूच म्हणाले. "भवसागर हाय समोर."

मी तर डोळेसुद्धा पुसले!

"आरं मार, गाढवा. खड्डा हाय म्होरं."

आता स्वामींनी माझ्याकडे पाहिलं. अप्पा वळले. हातात मोनूचा गेम. गर्दी बघून दचकले नाहीत की लाजले नाहीत. डोळे काठोकाठ भरलेले.

"पडलं," ते म्हणाले. "आई दोन फळ्यांवर हुती, अन् पडलं."

कुणीही हसलं नाही. (ते काम पुढं कैक महिने माझ्या दुकानात झालं.) अप्पांनीच मग सांगितलं. सिनेमातलं पिल्लू पुरात आईपासून चुकतं. त्याला फळ्याफळ्यांवरून उड्या मारत, खड्डे चुकवत तिच्यापर्यंत न्यायचं. मोनूनं शिकवलं होतं. पण शेवटची नदी काही ओलांडता येत नव्हती.

"रोज जातंय बघा तिच्याजवळ," अप्पा म्हणाले, आणि रडायला लागले. आई गेल्यावर पहिल्यांदाच, लहान पोरासारखे, हुंदके देऊन. स्वामी आत जाऊन त्यांच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. मग स्वामींनीच विचारलं, "उडी कोणत्या बटनानं मारायची?"

मोनूला मी दुसरा गेम घेऊन दिला. हा अप्पांकडेच राहिला. ती नदी मात्र त्यांना शेवटपर्यंत जमली नाही.

अप्पा गेले, त्यानंतर एका सकाळी मी त्याच खिडकीशी बसलो. डोक्यावरून उपरणं, मान खाली. पिल्लू पहिल्याच खड्ड्यात पडलं. पुन्हा पडलं. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. मागून बायको म्हणाली, "आवो, खेळून झालं आसंल तर दुकान उघडा."

माझ्या भक्तीबद्दल आमच्या घरात कुणाचा कधी गैरसमज झालाच नाही!